हुसेन यांच्या चित्रांच्या प्रतींचा संच: साडीचा पांढरा साधला, जमिनीची लांबी हरवली

मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांच्या छापील प्रतींचा एक संच सध्या ऑनलाइन मागवता येतो. ए-३ आकाराचे बारा सुटे कागद, जाड पुठ्ठ्याची पेटी, सोबत आठ पानांची माहितीपुस्तिका आणि साडेतीन हजार रुपये किंमत, असे त्याचे स्वरूप आहे. प्रवास, मायभूमी आणि करुणा या तीन सूत्रांना धरून चित्रे निवडल्याचे पेटीच्या झाकणावर छापले आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातील एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत लावण्यासाठी हा संच घ्यावा, असा आग्रह माझाच होता. त्यामुळे कागद, रंग, छपाई आणि फ्रेम या सगळ्याची पारख करण्याची जबाबदारीही ओघाने माझ्याकडेच आली. शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेली असल्याने कोणी विचारले नाही तरी मत देण्याची खोड मला आहेच. प्रकाशकाचे नाव मी देत नाही. असे संच विकणारे बरेच आहेत, आणि घेण्यापूर्वी काय पाहावे हे सांगणे नाव सांगण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

मत आधीच सांगून टाकतो. संच घेण्याजोगा आहे, परंतु ज्या चित्रांसाठी सोलापूरकराने तो घ्यावा, त्यांतल्या सगळ्यांना तो पुरा पडत नाही. मदर तेरेसा यांच्यावरील चित्रे अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली उतरली आहेत. ‘जमीन’सारखे लांबच्या लांब चित्र मात्र ठरावीक मापाच्या कागदात कोंबल्यामुळे त्यातला जीवच गेला आहे.

मूळ चित्रे पाहायची तर ती आपल्यापासून फार दूर आहेत. ‘जमीन’ दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. १९५१ चे ‘मॅन’ अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथील पीबडी एसेक्स संग्रहालयात आहे. आणि बाकीचा मोठा भाग खासगी संग्राहकांच्या घरांत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या आमच्या मुलांनी हुसेन पाहिले ते पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या चित्रांत, किंवा अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर. १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात, म्हणजे सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटरवर, जन्मलेला चित्रकार या जिल्ह्यातल्या मुलांना एवढ्याच मापात भेटत असेल, तर त्यावर साडेतीन हजार रुपये खर्च करणे फार नाही, असे वाचनालयाच्या समितीला पटवता आले.

मदर तेरेसा मालिकेतील तीन चित्रे ही या संचाची खरी कमाई आहे. मदर तेरेसा यांना १९७९ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढच्या काळात हुसेन या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळत राहिले. या मालिकेची ओळख म्हणजे चेहरा नसणे. पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून खाली उतरतो, त्याच्या कडेने निळ्या रेघा धावतात, आणि जिथे चेहरा असायचा तिथे काळोखाची पोकळी असते. हात मात्र स्पष्ट असतात. ते काही धरतात, काही झाकतात, आणि मांडीवर आडव्या पडलेल्या देहाखाली भक्कम आधारासारखे येतात. मृत येशूला मांडीवर घेऊन बसलेल्या मरियमची जी रचना युरोपातील शिल्पकारांनी आणि चित्रकारांनी शतकानुशतके केली, तिची आठवण या चित्रांत आहे हे उघड आहे. परंतु हुसेन यांनी मरियमचा चेहरा काढून घेतला आणि तिथे कोणतीही आई बसू शकेल अशी जागा केली.

अशा चित्राची प्रत काढताना खरी परीक्षा पांढऱ्या रंगाची असते. स्वस्त छपाईत पांढरा म्हणजे शाई न लागलेला कागद, आणि मग साडीच्या जागी चित्राला भोक पडल्यासारखे दिसते. या संचाच्या छपाईत पांढऱ्यात अगदी हलकी, किंचित पिवळसर करडी छटा राखली आहे. त्यामुळे कुंचल्याचा फटका खांद्यापाशी कुठे सुरू झाला, गुडघ्यापर्यंत येताना रंग कसा संपत आला आणि शेवटी तो कॅनव्हासवर कसा कोरडा घासला गेला, हे सगळे प्रतीतही वाचता येते. काळ्या पोकळीतही नुसती काळी शाई ओतलेली नाही. तिच्याखाली निळसर थर आहे, आणि त्यामुळे ती जागा सपाट न वाटता आत गेल्यासारखी वाटते. भिंग लावले की ऑफसेटचे ठिपके दिसतात, म्हणजे ही काही संग्रहालयाच्या दर्जाची छपाई नव्हे. पण भिंतीवरचे चित्र कोणी भिंग लावून पाहत नाही. कागद मॅट आणि जाड आहे, बोटांचे ठसे त्यावर उमटत नाहीत, आणि वर चकाकी नसल्यामुळे काळा रंग ट्यूबलाइटखाली पांढुरका होत नाही.

फ्रेम होऊन आलेली चित्रे अभ्यासिकेत भिंतीला टेकवून ठेवली असताना, यंत्रमागावर उभी हयात गेलेले आमच्या गल्लीतील एक गृहस्थ आत आले. घोड्यांकडे त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि तेरेसांच्या साडीच्या काठापाशी डोळे नेऊन बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “सर, हा काठ मागावरचा नाही बघा. पट्टी अशी जाड-बारीक झाली तर कारखानदार माल परत करतोय.” हुसेन यांच्या रेषेबद्दल वर्गात तासभर बोलून मला जे सांगायचे असे, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. हा काठ रंगवलेला नाही, एका दमात ओढलेला आहे. वळणावर तो रुंदावतो, घडीत शिरताना बारीक होतो आणि दुसऱ्या बाजूने थोडा सरकून बाहेर येतो. प्रतीत हा फरक एका विणकराच्या डोळ्याला दिसतो, एवढी छपाई स्पष्ट आहे, हे श्रेय प्रकाशकाला द्यायलाच हवे. तेरेसांच्या संस्थेतील भगिनींच्या साड्या कोलकात्याजवळच्या टिटागढ येथे कुष्ठरोगाने ग्रासलेली माणसे हातमागावर विणतात, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच सुताचा नंबर आणि मजुरीचा दर या दोन गोष्टींची चौकशी केली. सोलापूरच्या पूर्व भागात चित्र लावायचे तर प्रेक्षक असा मिळतो.

माहितीपुस्तिकेने मात्र ही तीन चित्रे ‘करुणा’ या मथळ्याखाली घालून विषय संपवला आहे. हुसेन जेमतेम दीड वर्षांचे असताना त्यांची आई वारली, आणि तिचे एकही छायाचित्र मागे राहिले नव्हते. आईचा चेहरा आठवत नाही, ही सल त्यांनी अनेक मुलाखतींत बोलून दाखवली, आणि नऊवारी नेसलेल्या बायकांत आपण तिला शोधतो हेही सांगितले. हे माहीत असले की चेहऱ्याच्या जागची पोकळी केवळ एका थोर सेविकेची विनम्रता राहत नाही, तर ती थेट पंढरपूरपर्यंत येऊन पोहोचते. पुस्तिकेत पंढरपूर आहे ते फक्त जन्मस्थळ म्हणून, एका ओळीत. मला इथे उलट बाजूची अतिशयोक्तीही नको आहे. आपल्याकडे हुसेन यांचा विषय निघाला की लगेच चंद्रभागा, वाळवंट आणि आषाढीची वारी त्यांच्या चित्रांत पाहणारे लोक भेटतात. परंतु कुटुंब इंदूरला गेले तेव्हा ते अगदी लहान होते, आणि वारीचा वारसा त्यांच्या कॅनव्हासवर लादण्याइतका आधार मला दिसत नाही. नऊवारीचे नाते त्यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. आजोबांचे काम पत्र्याच्या दिव्यांचे होते असे त्यांच्या चरित्रांत येते, आणि पुढे कंदील त्यांच्या चित्रांत जागोजागी लटकलेला दिसतो. हे दुसरे नातेही पुस्तिकेला दोन ओळींत सांगता आले असते.

आता ‘जमीन’. हे १९५५ चे चित्र. ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पुरस्कार मिळाला आणि हुसेन यांचे नाव देशभर झाले. त्याची लांबी सुमारे १८ फूट आणि उंची ३ फूट आहे. म्हणजे ते एका नजरेत बघायचे चित्र नाही. त्याच्यासमोरून चालत जायचे असते. खेड्यातली माणसे, जनावरे, चाके, खुणा असे एकामागून एक येत जाते, आणि शेवटाकडे पोहोचेपर्यंत सुरुवात मागे पडलेली असते. या संचात ते ए-३ कागदाच्या मधोमध ३८ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम सहा सेंटिमीटर उंच अशा पट्टीत छापले आहे, आणि वर-खाली नुसता पांढरा कागद सोडला आहे. माणसांच्या आकृती अंगठ्याच्या पेरापेक्षा थोड्याच मोठ्या उरल्या आहेत. त्यातच तांबड्या आणि मातकट रंगांचे ठिपके इतक्या लहान जागेत एकमेकांत मिसळल्यामुळे सगळी पट्टी एकाच तपकिरी रंगाची दिसते. मूळ चित्राचे माप पुस्तिकेत कुठेही दिलेले नाही, आणि हा मला संचाचा सर्वांत मोठा दोष वाटतो. माप दिले असते तर मुलांना निदान अभ्यासिकेच्या फरशीवर १८ फूट मोजून दाखवता आले असते. माप नसल्यामुळे हे चित्र एवढेच असते अशी समजूत होते.

यावर उपाय अवघड नव्हता. तीन कागद सलग जोडता येतील अशा तऱ्हेने छापले असते, तर तीच प्रत सव्वा मीटर लांब आणि २१ सेंटिमीटर उंच झाली असती. हुसेन यांनी मुंबईतल्या उमेदवारीच्या काळात पोटासाठी सिनेमाचे भव्य फलक रंगवले, आणि हाताला लागलेली मोठ्या मापाची ती सवय पुढे त्यांच्या सगळ्या कामात राहिली. ज्या शहरात गल्लीतल्या कार्यकर्त्याच्या वाढदिवसाला चौक झाकेल एवढा डिजिटल फलक लागतो, त्या सोलापुरात या चित्रकाराचे १८ फुटांचे चित्र चिंचोळ्या पट्टीत बघावे लागते, याची गंमत वाटावी की राग यावा हे कळत नाही.

‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ हे १९५६ चे चित्र संचात आहे, आणि ते उभ्या रचनेचे असल्यामुळे मापाचा फटका त्याला बसलेला नाही. एकमेकींना लागून उभ्या असलेल्या बायका, एकीच्या हातातून धाग्याने लोंबणारा कोळी, वर दिवा, आणि कोणालाही वाचता न येणारी लिपीसारखी अक्षरे, असे ते गूढ चित्र आहे. अभ्यासिकेतली मुले सर्वांत जास्त रेंगाळतात ती याच चित्रापुढे, आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते. रंग बरे उतरले आहेत. पण छापताना वरची कड थोडी कापली गेली आहे आणि अक्षरांची शेंडी गेली आहे. बारा कागदांचे मोजके काम करणाऱ्याने एवढी काळजी घ्यायला हरकत नव्हती.

मायभूमी हे सूत्र जाहीर करून ‘ग्रामयात्रा’ गाळणे हे मला सर्वांत अनाकलनीय वाटले. १९५४ चे हे जवळपास १४ फुटी चित्र तेरा भागांत गावचे जगणे मांडते. त्यातला शेतकरी शेजारच्या भागातली जमीन आपल्या हाताने पेलून धरल्यासारखा उभा आहे, आणि चौकटीची मर्यादा ओलांडणारा तो हात पाहिला की हुसेन यांच्या मनात माणूस आणि माती वेगळी नव्हती, हे समजावून सांगावे लागत नाही. या चित्राचा स्वतःचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. लिऑन एलिआस वोलोदार्स्की हे नॉर्वेत काम करणारे डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी, छातीच्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण केंद्र उभारण्यासाठी दिल्लीत आले होते. त्यांनी ते १९५४ मध्ये घेतले आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिले. तिथे ते कित्येक दशके, बाहेरच्या जगाला फारसे ठाऊक नसताना, भिंतीवर होते. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली, आणि तोपर्यंत आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत कधीच आली नव्हती. ती रक्कम डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवली जाणार होती.

परक्या देशात जाऊन तिथल्या माणसांवर उपचार करणारा डॉक्टर, ही गोष्ट सोलापूरला नवी नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी याच शहरात झाला. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाची पस्तिशीही न गाठता, तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक आपल्या शहरात आहे आणि शाळांच्या सहली तिथे जातात. प्रवास, मायभूमी आणि करुणा ही तीन सूत्रे एका धाग्यात कशी येतात हे मुलांना सांगायला ‘ग्रामयात्रा’ आणि कोटणीस शेजारी शेजारी ठेवण्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. संचात ते चित्र नसल्यामुळे मला ते मोबाइलवर दाखवावे लागते.

प्रवासाच्या विभागात तीन घोडे आहेत. तिनांची गरज नव्हती. घोडे खपतात, म्हणून ते घातले जातात, हे समजण्यासारखे आहे. शिवाय मोहरमच्या मिरवणुकीतला घोडा, चीनच्या दौऱ्यात पाहिलेली शू बेइहोंग यांची घोड्यांची चित्रे आणि इटलीतल्या मारिनो मारिनी यांची शिल्पे, अशा तीन ठिकाणांहून हुसेन यांचा घोडा आला, असे म्हणतात. त्यामुळे त्याला प्रवासाचे चित्र म्हणणे अगदीच चूक नाही. पण पुस्तिकेत यांतले काहीच नाही, आणि त्याशिवाय तीन घोडे म्हणजे तीन घोडेच. त्यांपैकी एकाच्या जागी राजस्थानातले काही द्यायला हवे होते. १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात एक लघुपट केला, आणि निवेदनाशिवाय, केवळ दृश्यांवर उभ्या असलेल्या त्या कामाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. छत्री, कंदील, बूट या त्यांच्या नेहमीच्या वस्तू तिथे वाळूत आणि किल्ल्यांत फिरताना दिसतात. या विभागातले सर्वांत चांगले चित्र बनारसचे आहे. १९६० मध्ये हुसेन आणि चित्रकार रामकुमार बरोबर बनारसला गेले होते. रामकुमार यांच्या चित्रांतून माणसे हळूहळू नाहीशी झाली, आणि हुसेन यांनी मात्र माणसे सोडली नाहीत. प्रतीत घाटाच्या पायऱ्यांवरचा राखाडी रंग फार छान आला आहे.

पुस्तिकेबद्दल आणखी एक तक्रार आहे, आणि ती टाळता येत नाही. काही चित्रांवरून उठलेले वादळ, देशात ठिकठिकाणी दाखल झालेले खटले, २००६ नंतरचे परदेशातले वास्तव्य, २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची प्रकरणे रद्द करणे, २०१० मध्ये स्वीकारलेले कतारचे नागरिकत्व आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये झालेला मृत्यू, यांपैकी मृत्यूची तारीख तेवढी पुस्तिकेत आहे. त्या चित्रांबद्दल लोकांची मते वेगळी आहेत आणि ती राहणार. प्रकाशकाने कोणाची बाजू घ्यावी अशी माझी अपेक्षा नाही. परंतु झाकणावर मायभूमी छापायचे आणि मायभूमी सुटल्याची हकिकत गाळायची, हे वाचकाला लहान मूल समजण्यासारखे आहे. देशाबाहेर असताना त्यांनी भारतीय संस्कृतीवर तीन-तीन पटांची आठ चित्रे केली, आणि ती २०१४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडली गेली. नव्वदीच्या पुढचा माणूस परक्या शहरात बसून आपल्या देशातली घरे, सण आणि दैवते रंगवतो, याहून मायभूमीचे मोठे उदाहरण कुठून आणायचे? त्यांतले एकही संचात नाही.

फ्रेमचे काम सोलापुरातच केले आणि त्याबद्दल समाधान आहे. साखर पेठेच्या बाजूचे हे दुकान जुने आहे; तिथे मुख्यतः देवांच्या तसबिरी आणि वडीलधाऱ्यांचे फोटो फ्रेम होतात. मी कागद काउंटरवर पसरले तेव्हा दुकानदारांनी हात पुसून मगच ते उचलले, आणि पहिला प्रश्न विचारला, “मालक, काच कागदाला टेकवायची का मधी जागा सोडायची? आपल्याकडच्या उन्हात टेकवलेला कागद काच धरतो, परत सुटत नाही.” जागा सोडायची, असे ठरले. त्यांनी दोन इंची माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापला, कागद चारही बाजूंनी न चिकटवता फक्त वरच्या कडेला टेपवर टांगला, आणि मागच्या हार्डबोर्डच्या फटींवर कागदी पट्टी लावून धूळ आणि वाळवी दोन्हींचा बंदोबस्त केला. कागद वरूनच टांगण्याचे कारण त्यांनी असे सांगितले की उन्हाळ्यात तो आखडतो आणि पावसाळ्यात पसरतो. चारही बाजू बांधल्या तर मध्ये फुगा येतो. दर फ्रेमला साडेसातशे रुपये पडले, म्हणजे फ्रेमचा खर्च संचाच्या अडीच पटींहून जास्त झाला, हे हिशेबात धरूनच संच मागवावा. काम गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सापडल्यामुळे ठरल्यापेक्षा उशिरा मिळाले. जानेवारीत सोलापुरात कोणत्याही कारागिराकडून वेळेची अपेक्षा करू नये, हे आपल्याला सांगायला नको.

उन्हाळा या प्रतींनी कसा सोसला, हे पाहण्यासाठी जूनमध्ये एक फ्रेम उघडून घेतली. पारा चव्वेचाळीसकडे जाऊनही कागदाला सुरकुती नाही, फुगा नाही. पण ही फ्रेम पश्चिमेच्या खिडकीसमोर होती, आणि घोड्याच्या पाठीवरचा लाल रंग माउंटखाली झाकलेल्या कडेला जेवढा गडद राहिला होता, तेवढा उघड्या भागात राहिला नव्हता. फरक बोटभर अंतरावरून स्पष्ट दिसतो. याचा अर्थ शाई साधी आहे, टिकाऊ रंगद्रव्याची नाही, आणि पेटीवर दिलेले ‘दीर्घकाळ टिकणारे रंग’ हे शब्द जपूनच घ्यावेत. आतल्या, थेट ऊन न लागणाऱ्या भिंतीवरच्या तेरेसांच्या तीन चित्रांत मात्र असा काहीही बदल दिसला नाही.

हेच विक्रेते तेरेसांचे तीनही कागद सुटे, प्रत्येकी चारशे रुपयांना देतात. घरासाठी घ्यायचे असेल तर मी तेवढेच घ्यावेत असे म्हणेन, आणि त्यांत बनारसचा एक कागद जोडावा. शाळा, वाचनालय किंवा महाविद्यालयासाठी पूर्ण संच घेतला तरी चालेल, परंतु ‘जमीन’ची प्रत फ्रेम करण्यात पैसे घालू नयेत, त्याऐवजी ती पुठ्ठ्यावर लावून, खाली मूळ चित्राचे माप मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. संच ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारावेत: चित्र कडेला कापले आहे का, आणि शाई कोणती आहे. उत्तर टाळले तर संच घेऊ नये. आणि फ्रेमवाल्याने कितीही आग्रह केला तरी साधी चकचकीत काच घेऊ नये. फ्रेममागे दीडशे-दोनशे रुपये जास्त पडले तरी प्रतिबिंब न पडणारी काच घ्यावी, कारण तेरेसांच्या चेहऱ्याच्या काळ्या जागेत समोरची ट्यूबलाइट दिसू लागली की चित्र पाहणेच होत नाही.